निनावी लेखणी : महादेव गोविंद रानडे यांचे तीन व्यवसाय

महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकाला न्यायमूर्ती रानडे यांची ओळख असते ती भारतीय अर्थविचाराचे आद्य प्रवर्तक, सामाजिक परिषदेचे संस्थापक आणि गोखल्यांचे गुरू या नात्याने. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारापुढे मात्र त्यांचे नाव एक पेच उभा करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एकही वाङ्मयीन घटना त्यांच्या उल्लेखावाचून सांगता येत नाही. पण त्यांचा मराठी ग्रंथ कोणता, असे विचारल्यास धर्मपर व्याख्यानांचा एक संग्रह आणि पुण्यात दिलेली व्यापारासंबंधीची व्याख्याने यांपलीकडे फारसे काही दाखवता येत नाही. त्यांच्या घरात मराठी गद्याची खरी कृती लिहिली गेली ती त्यांच्या पत्नीच्या हातून. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या आणि त्या आजही वाचल्या जातात. उलट रानडे यांनी आयुष्यभर जे अफाट लेखन केले त्याचा मोठा भाग इंग्रजीत, आणि त्यातलाही पुष्कळसा निनावी. असे का झाले याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाला ते त्यांच्या व्यवसायक्रमात अधिक स्पष्टपणे सापडते असे वाटते. अध्यापन, वृत्तपत्र आणि न्यायासन ही त्या क्रमातील तीन स्थाने होत; आणि यांपैकी एक स्थान सोडून ते दुसऱ्यावर गेले, असे खऱ्या अर्थाने कधी घडलेच नाही.

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण कोल्हापुरास गेले. तेथील शिक्षण आटोपून चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये आले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली, आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांत रानडे होते. १८६२ साली विद्यापीठाने आपले पहिले चार पदवीधर बाहेर पाठवले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि महादेव गोविंद रानडे ही ती चार नावे. पुढे एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. ही कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. या काळातील वाचनाचा अतिरेक असा की १८६४च्या सुमारास डोळे बिघडले, आणि कित्येक महिने ते बांधून बसण्याची पाळी आली. दृष्टी त्यानंतर कधीच पूर्ववत झाली नाही. इतरांकडून वाचून घेणे आणि सांगून लिहवणे ही जी सवय पुढे त्यांच्या कामाचा भाग बनली तिचे मूळ येथे आहे.

याच विद्यार्थिदशेत घडलेली एक गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. एका निबंधात रानडे यांनी इंग्रजी अमलाची मराठी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजी अमलास अनुकूल नव्हती. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी विद्यार्थ्याला बोलावून समज दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद केली. हेच ग्रँट पुढे रानडे यांचे चाहते झाले आणि रानडेही त्यांना अखेरपर्यंत आदराने आठवत. म्हणून या प्रसंगाकडे गुरुशिष्यांतील एक क्षुल्लक खटका म्हणून पाहिले जाते. तो तसा नव्हता. विशीतल्या तरुणाला त्यातून एक धडा मिळाला असला पाहिजे : मत मांडल्याची किंमत पडते, आणि ती पुराव्यानिशी मांडलेल्या मतालाही पडते. पुढील चाळीस वर्षांत त्यांनी मते मांडण्याचे थांबवले नाही. मात्र ती कोठे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या नावाने मांडावयाची, याचा हिशेब त्यांनी नेहमी केला.

पदवी मिळाली त्याच वर्षी मुंबईत ‘इंदुप्रकाश’ सुरू झाला. त्याची एक बाजू मराठी व दुसरी इंग्रजी. अशी दुभाषी पत्रे काढण्याची परंपरा १८३२ सालच्या ‘दर्पण’पासूनची, आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हेही एल्फिन्स्टनमध्येच प्राध्यापक होते. वर्गात शिकवणाऱ्याने वर्तमानपत्र चालवणे हे मुंबईस नवे नव्हते, तर जणू शिकवण्याचेच ते दुसरे रूप होते. ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादन रानडे यांच्याकडे आले. मराठी बाजू थोड्याच काळात विष्णुशास्त्री पंडित यांच्या हाती गेली, आणि विधवाविवाहाचा पक्ष महाराष्ट्रात ज्या धडाडीने लढवला गेला तिचे बरेचसे श्रेय त्या बाजूला आहे. एकाच कागदाच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळ्या वाचकवर्गांशी बोलावयाचे, एकाशी शास्त्रार्थाच्या भाषेत आणि दुसऱ्याशी राज्यकारभाराच्या भाषेत, ही जी विभागणी तेथे झाली ती रानडे यांच्या बाबतीत कायमची ठरली. सरकारशी जे बोलावयाचे ते इंग्रजीत, हा त्यांचा दंडक तेथून सुरू झाला. मराठीचे त्यात नुकसान झाले, हे मान्य केले पाहिजे.

१८६६ पासूनची पाच वर्षे धावपळीची आहेत. शिक्षणखात्यात मराठी भाषांतरकार, मग अक्कलकोट संस्थानात कारभारी, मग कोल्हापुरास न्यायाधीश, आणि १८६८ मध्ये पुन्हा एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहास यांचे अध्यापन. प्राध्यापकाची ही जागा त्यांच्या प्रकृतीस सर्वांत मानवणारी होती असे म्हणण्यास हरकत नाही. तरीही १८७१ साली अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी वकिली केली नाही की कॉलेजही धरून ठेवले नाही. पुण्यास दुय्यम न्यायाधीशाची जागा मिळाली ती घेऊन ते त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यास आले. प्रार्थनासमाजातले त्यांचे मुंबईचे सहकारी यामुळे हळहळले असतील. पुण्याचा मात्र सारा इतिहास त्यामुळे बदलला.

पुण्यात आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. रानडे सरकारी न्यायाधीश. सभेचे पदाधिकारी होणे त्यांना शक्य नव्हते. ते झालेही नाहीत. पण शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी असो, १८७४-७५ च्या सुमारास ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानास प्रतिनिधित्व मिळावे म्हणून केलेला अर्ज असो की १८७६-७८ च्या दुष्काळातील गावोगावच्या हकिकती असोत, सभेच्या नावाने जे जे बाहेर पडले त्यामागे त्यांची लेखणी होती. १८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले, आणि त्यातील बहुतांश महत्त्वाचे लेख रानडे यांनी, स्वतःचे नाव न घालता, लिहिले. जमीनमहसूल, जंगलकायदे, स्थानिक स्वराज्य, चलन आणि शेतीची कर्जे असे कोरडे वाटणारे विषय त्यांत आहेत. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता, हे येथे लक्षात ठेवावे. त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी कलकत्त्याची ‘अमृत बाजार पत्रिका’ बंगाली सोडून इंग्रजीत आली, हे सर्वांना ठाऊक आहे. सभेचे त्रैमासिक आरंभापासूनच इंग्रजी होते, म्हणून त्या कायद्याच्या कक्षेत ते येतच नव्हते. हे केवळ योगायोगाने घडले असे मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. कायदा वाचणारा माणूस ते त्रैमासिक चालवत होता.

या लेखांचे गद्य वाचताना एक गोष्ट हटकून जाणवते. त्यांची मांडणी अग्रलेखाची नाही, निकालपत्राची आहे. आधी प्रश्नाची मर्यादा आखावयाची, मग सरकारचाच अहवाल आणि सरकारचेच आकडे पुढे ठेवावयाचे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडावयाचे, आणि मगच आपले अनुमान, तेही आवश्यक तेवढेच. वाचकाला चेतवणारे एक वाक्य शंभर पानांत सापडणे कठीण. गोखले तरुणपणी त्यांच्या हाताखाली तयार झाले तेव्हा त्यांचे मसुदे पुन्हापुन्हा परत येत, ते याच शिस्तीपायी. सरकार हे अर्ज वाचतही नाही, मग एवढे श्रम कशासाठी, अशी शंका गोखल्यांनी एकदा बोलून दाखवली. त्यावर रानडे यांचा अभिप्राय असा होता की अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात, आणि खरोखर ते आपल्याच लोकांसाठी असतात. राजकीय विचार कसा करावा हे लोकांना त्यांतून शिकावयाचे आहे. म्हणजे प्राध्यापकाची खुर्ची १८७१ साली सुटली, तरी वर्ग सुटला नव्हता. मात्र या वर्गाची भाषा इंग्रजी असल्याने त्यात बसू शकणारे विद्यार्थी किती होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला फारसा विचारलेला दिसत नाही.

सरकारला अर्थातच हे सारे ठाऊक होते. निनावीपणा कायद्यापुरता होता, गुप्ततेपुरता नव्हता. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या उन्हाळ्यात वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असताना पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, आणि त्यानंतर लगेच रानडे यांना धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात होती. रमाबाईंनी ही हकिकत लिहून ठेवली आहे, आणि तीत मनात भरते ते रानडे यांचे मौन. कामावर वेळेवर जाणे, संध्याकाळी फिरणे, घरात पूर्वीसारखेच वागणे. आपल्यावर पाळत आहे याचा उच्चारही नाही. कालांतराने अधिकाऱ्यांचा संशय फिटला, आणि १८८१ मध्ये मुंबईस मॅजिस्ट्रेट म्हणून काम करून ते पुन्हा पुण्याकडे आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी याच सुमारास सरकारी शाळेची नोकरी सोडून स्वतंत्र लेखणीचा मार्ग धरला, आणि १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ निघाला. एकाच शहरात, एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होती. चिपळूणकरांचे उत्तर मराठी गद्याला अधिक फलदायी ठरले यात शंका नाही. पण ‘निबंधमाले’च्या कर्त्याला जो मोकळेपणा लाभला त्याच मोकळेपणाने त्याने जोतीराव फुल्यांची ज्या भाषेत संभावना केली ती भाषा रानडे यांच्या हातून कधी उतरली नसती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

न्यायाधीश म्हणून त्यांनी केलेल्या कामाचा खरा गाभा उच्च न्यायालयात नसून त्यापूर्वीच्या दौऱ्यांत आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जखतावर अंगठा आहे, सबब हुकूमनामा, ही न्यायालयांची जुनी रीत त्या कायद्याने मोडली. खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होते, व्याज कसे चढत गेले, कोणते धान्य कोणत्या भावाने जमा धरले, याचा तपास न्यायाधीशाने करावयाचा होता. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतील न्यायालयांची तपासणी करण्यासाठी विशेष न्यायाधीश नेमला गेला. रानडे आधी त्याचे साहाय्यक आणि १८८७ पासून स्वतः विशेष न्यायाधीश झाले. वर्षातील कित्येक महिने तालुक्यातालुक्यांतून फिरण्यात जात. रमाबाईही बरोबर असत. कागदामागचा इतिहास शोधणे हा ज्याचा मूळचा छंद, त्याच्या हाती कायद्याने तेच काम दिले. त्यांच्या अर्थविषयक लेखनात पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धांत या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत असा जो आग्रह आहे, आणि १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात तो पूर्णत्वाने मांडला गेला, त्याला ग्रंथांइतकाच या कज्जेदलालीने भरलेल्या दप्तरांचा आधार आहे.

असे असूनही याच विषयावर त्यांना मिळालेले सर्वांत कठोर उत्तर मराठीत आहे. १८८५ साली पुण्यातील एका व्याख्यानात रानडे यांनी शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीच्या मानाने काहीशी सुधारल्याचे प्रतिपादन केले. जोतीराव फुले यांनी ‘इशारा’ नावाची पुस्तिका लिहून ते खोडून काढले. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते हे दप्तरात उमटत नाही, असा त्या पुस्तिकेचा एकूण रोख होता. त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली सभा १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्याच उद्योगाने भरली होती, आणि आजच्या साहित्यसंमेलनांचा वंश तेथपर्यंत नेण्यात येतो. दुसऱ्या सभेच्या निमंत्रणाला फुल्यांनी नकार कळवला आणि तो ‘ज्ञानोदय’त छापून आला. जे लोक इतरांचे माणूसपणाचे हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, हा त्याचा आशय. दहाच वर्षांपूर्वी, १८७५ साली, दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीत हे दोघे बरोबर चालले होते. फुल्यांना रानडे यांच्याविषयी वैयक्तिक आकस होता असे दिसत नाही. तक्रार होती ती संथ, समतोल निवाड्याच्या पद्धतीविषयी, ज्यात अन्याय सोसणारा आणि अन्याय करणारा या दोघांनाही सारखाच वेळ मिळतो. त्या तक्रारीला रानडे यांनी छापील उत्तर दिल्याचे आढळत नाही.

याच समतोलाने त्यांच्या खासगी आयुष्यातही त्यांना गाठले. १८७३ मध्ये पहिल्या पत्नी वारल्या. विधवाविवाहाच्या चळवळीतील हा अग्रणी आता एखाद्या विधवेशी विवाह करील अशी अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी त्याच वर्षी लग्न केले. टीका झाली ती योग्यच होती. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली, त्यांनी तिला शिकवले, आणि पुढे तीच त्यांना पत्रे व वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागली, हे खरे. पण यामुळे १८७३चा निर्णय समर्थनीय ठरत नाही, आणि स्वतः रानडे यांनीही तसा दावा केलेला नाही. दुसरा प्रसंग १८९० चा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहाला गेली. गोपाळराव जोशी यांनी त्यांच्या नावांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या वतीने चौकशी बसली. ज्या माणसाने तीस वर्षे वर्तमानपत्राचा उपयोग समाजाला शहाणे करण्यासाठी केला, त्याला वर्तमानपत्रातील एक यादी काय करू शकते हे आता पाहावयास मिळाले. अडचणीत आलेल्या मित्रांसाठी म्हणून रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांचे त्याने समाधान झाले नाही आणि सुधारकांचा विरस झाला.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे १८९३ साली अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. याच वर्षीचा एक प्रसंग महाराष्ट्रात फारसा सांगितला जात नाही. बंगालीच्या अभ्यासकांना तो अधिक परिचित असेल. इंग्लंडहून नुकतेच परतलेले आणि बडोद्याच्या नोकरीत असलेले अरविंद घोष यांनी केंब्रिजमधील आपल्या मित्राच्या विनंतीवरून काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर जहाल टीका करणारी लेखमाला सुरू केली. ती छापली जात होती ‘इंदुप्रकाश’मध्येच. पहिले दोन लेख निघताच रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केले, की असेच चालू राहिल्यास राजद्रोहाचा खटला होईल. लेखमालेचा सूर उतरवावा लागला आणि पुढे ती थांबली. एकतीस वर्षांपूर्वी ज्या रकान्यांचे संपादन त्यांनी केले त्याच रकान्यांना त्यांनी लगाम घातला, असे यावर म्हणता येईल, आणि तसे म्हटलेही गेले आहे. पण दंडविधानात राजद्रोहाचे कलम १८७० साली आले होते, कलकत्त्यात ‘बंगवासी’वर १८९१ मध्ये त्याचा प्रयोग झाला होता, आणि कायदेपंडिताला पुढचे दिसत होते. चारच वर्षांनी ‘केसरी’च्या लेखांसाठी टिळक त्याच कलमाखाली तुरुंगात गेले. रानडे यांनी धोक्याचा जो अंदाज केला तो अचूक होता. धोका पत्करावा की नाही, हा निराळा प्रश्न, आणि त्यावर त्यांचे उत्तर आयुष्यभर एकच राहिले. पुढे मुंबईत दोघांची भेट झाली तेव्हा रानडे यांनी त्या तरुणाला तुरुंगसुधारणेसारखा एखादा नेमका विषय हाती घेण्याचा सल्ला दिला. अलीपूरच्या तुरुंगातून सुटल्यावर अरविंदांनी आपल्या ‘काराकाहिनी’त ही आठवण काहीशा मिस्किलपणे नोंदवली आहे.

अखेरची वर्षे संघर्षाची गेली. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास विरोध झाला, तेव्हा रानडे यांनी वाद न वाढवता परिषद दुसरीकडे भरवली. १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. परंतु जे त्रैमासिक त्यांचे खरे व्यासपीठ होते ते आता राहिले नव्हते. या विलगतेचाच एक परिणाम असा झाला की त्यांची लेखणी पुन्हा इतिहासाकडे आणि भाषेकडे वळली. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेतील ज्या निबंधाने शिष्यवृत्ती गमावली, त्याच विषयावर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने, या वेळी स्वतःच्या नावाने, पुन्हा लिहिले. लुटारूंच्या टोळ्यांना योगायोगाने राज्य मिळाले, हे इंग्रज इतिहासकारांचे मत त्यांनी बाजूला सारले, आणि संतांच्या भक्तिचळवळीने तयार केलेल्या समाजमनात त्या राज्याची मुळे शोधली. या प्रतिपादनाबद्दल पुढे राजवाड्यांपासून अनेकांनी मतभेद दाखवले. तरी संतवाङ्मयाला राजकीय इतिहासाचा पुरावा म्हणून उभे करणारा हा पहिला मोठा प्रयत्न होता, आणि तो न्यायाधीशाने केला याचे नवल वाटत नाही.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना सर्वांत जवळचे असे त्यांचे कार्य मात्र विद्यापीठातील आहे. मुंबई विद्यापीठात आरंभी देशी भाषांना जे स्थान होते ते १८६० नंतरच्या काही वर्षांत गेले, आणि वरच्या परीक्षांत त्यांच्या जागी संस्कृतादी अभिजात भाषा आल्या. मराठीत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, हा आक्षेप त्यामागे होता. रानडे यांनी मराठी ग्रंथांचा पहिला आढावा १८६४ मध्ये, म्हणजे पंचविशीच्या आत, घेतला होता. १८९८ साली त्यांनी तो पुन्हा घेतला. मधल्या काळात, १८६७ च्या कायद्याने, प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली होती. छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी केलेल्या त्या नोंदवह्याच रानडे यांनी साक्षीला बोलावल्या. कोणत्या विषयावर किती पुस्तके निघाली, त्यांत स्वतंत्र किती व भाषांतरे किती, काव्य कोठे थबकले आणि नाटक व कादंबरी कशी वाढली, याचा हिशेब त्यांनी मांडला. उणिवाही झाकल्या नाहीत. मराठीची बाजू त्यांनी अभिमानाच्या भाषेत मांडली नाही, आणि ती मांडली तीही इंग्रजीत. विद्यापीठातील मंडळींना पटणारी भाषा तीच होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला तो या चिवट खटपटीच्या शेवटी. महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवरच्या विद्यापीठांत आज मराठीचे वर्ग चालतात, त्यांच्या पूर्वपीठिकेत या एका टिपणाचा आणि त्यामागच्या अनेक समितीबैठकांचा वाटा आहे.

१९०० च्या डिसेंबरात लाहोरच्या सामाजिक परिषदेस जाणे प्रकृतीमुळे त्यांना शक्य झाले नाही. त्यांचे भाषण गोखले घेऊन गेले आणि त्यांनी ते तेथे वाचले. दुखणे हृदयाचे होते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्या दिवशीही त्यांनी पत्रांची उत्तरे सांगून लिहवून घेतली होती. ज्यांच्याशी त्यांचा वीस वर्षे वाद चालला त्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, आणि निपचित पडलेल्या महाराष्ट्रात प्राण फुंकण्याचे श्रेय त्यांनी त्यात रानडे यांना मोकळ्या मनाने दिले.

पुढल्या वर्षांत विखुरलेले लेखन गोळा करण्याचे काम सुरू झाले. अर्थशास्त्रावरील निबंध स्वतः रानडे यांच्याच हयातीत पुस्तकरूपाने आले होते. धर्मपर व्याख्याने आणि सामाजिक लेख मागाहून आले. उरलेल्या लेखांचा संग्रह १९१५ साली निघाला. तो रमाबाईंनी प्रसिद्ध केला, आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होते.